तितिक्षेचा अधिकार

वेदान्तशास्त्राने मुमुक्षूच्या ठिकाणी ज्या सहा संपत्ती अपेक्षिल्या आहेत, त्यांपैकी तितिक्षा ही सामान्य संसारी माणसाला सर्वांत जवळची वाटते. कारण शमदमाच्या वाटेला तो कधी गेला नसला, उपरतीचे नावही त्याने ऐकले नसले, तरी सोसणे मात्र त्याला जन्मापासून ठाऊक असते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत आणि उष्ण, सुख आणि दुःख ही इंद्रियांना होणाऱ्या विषयस्पर्शातून निर्माण होणारी, येणारी आणि जाणारी द्वंद्वे आहेत असे सांगून श्रीकृष्ण अर्जुनाला ती सोसण्याचा उपदेश करतात; आणि आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेचे जे लक्षण बांधले आहे, त्यात दुःखाचा प्रतिकार न करणे, त्याची चिंता न वाहणे आणि त्यासाठी विलाप न करणे अशा तीन अटी घातलेल्या आहेत. हे लक्षण मी विद्यार्थिदशेतच वाचले होते आणि ते मला फार उदात्त वाटले होते. परंतु ज्या दुःखाचा प्रतिकार सहज शक्य आहे, तो करण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती आहे तो स्वतः सावलीत बसलेला आहे, आणि सोसणारा भलताच कोणी आहे, अशा ठिकाणी हाच उपदेश धर्म ठरतो की अधर्म, हा प्रश्न मला पुस्तकात कधी पडला नाही. तो पडला मस्कत शहरी.

२०१६ च्या उन्हाळ्यात, स्थापत्यशास्त्राचे शिक्षण संपत आले असता, बांधकामांवर देखरेख करणाऱ्या एका सल्लागार कचेरीत उमेदवारी करण्यासाठी मी ओमानच्या या राजधानीत गेलो. मस्कत हे नाव मराठी माणसाला सर्वस्वी परके नाही. मस्कतच्या अरबांची गलबते सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या दराऱ्याने वावरत होती. आपल्याकडच्या डाळिंबाच्या एका जुन्या जातीला आजही मस्कत म्हणतात. आणि भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखाती मुलखासाठी म्हणून जो वेगळा रुपया काढला, तो ओमानात १९७० पर्यंत चलनात होता. मत्रहच्या बाजारात आणि रूवीच्या रस्त्यांवर गुजराती, मल्याळी, सिंधी बोल कानी पडतात, जुन्या मस्कतमध्ये राजवाड्यापासून जवळच शिवाचे देऊळ आहे, आणि त्यामुळे माणसांचे परकेपण लवकर ओसरते. ओसरत नाही ते उन्हाचे. मी धुळ्याकडचा, खानदेशचा वैशाख अंगावर घेऊन वाढलेला. पण खानदेशच्या उन्हाला रात्र असते. मस्कतला तीन बाजूंनी झाडाचे पानही नसलेल्या काळ्या-तपकिरी खडकांच्या डोंगरांनी वेढले आहे, आणि दिवसभर तापलेले ते डोंगर सूर्यास्तानंतर आपली उष्णता शहरावर सोडत राहतात. चौथ्या बाजूस समुद्र आहे, पण त्याच्याकडून येणारी हवा गारव्याऐवजी दमटपणा घेऊन येते, आणि घाम अंगावरच साचून राहिला म्हणजे शरीराने स्वतःला थंड करण्याचा जो मुख्य उपाय योजला आहे तोच निकामी होतो. मी परतल्यानंतर दोन वर्षांनी, २०१८ च्या जून महिन्यात, मस्कतच्या आग्नेयेस असलेल्या कुरय्यात या किनारी गावी अख्ख्या दिवसरात्रीत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरला नाही, असे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही.

याच किनाऱ्यावर सुमारे पावणेसहाशे वर्षांपूर्वी आणखी एक परका माणूस उन्हाने कासावीस झाला होता. हेरातचा बादशहा शाहरुख याने कालिकतच्या दरबारी पाठविलेला वकील अब्दुर रझ्झाक समरकंदी १४४२ साली होर्मुझहून निघाला, वाऱ्याचा हंगाम हुकल्याने मस्कतच्या बाजूला अडकून पडला, आणि तेथील उष्म्याने तो असा आजारी पडला की जगण्याची आशा त्याने सोडली. पुढे तो कालिकतला उतरला, विजयनगर पाहिले, आणि परत गेल्यावर त्याने जो इतिहासग्रंथ लिहिला त्यात मस्कतकडच्या उन्हाचे वर्णन अतिशयोक्तीचे सर्व अलंकार वापरून केले. ते वर्णन वाचताना मला त्याच्या अलंकारांपेक्षा एका गोष्टीने अधिक विचारात पाडले. बादशहाचा वकील, सोबत नोकरचाकर, खजिना, नजराणे. तरी ऊन त्याला जसे लागले तसेच ते त्याच्या घोडेवाल्यालाही लागले असणार. पंधराव्या शतकात ऊन सर्वांना सारखे होते, निदान आजच्यापेक्षा पुष्कळ सारखे होते. विसाव्या शतकाने थंड हवेची यंत्रे आणली आणि उन्हाची वाटणी केली: कोणाच्या वाट्याला दाराबाहेरचे क्षण, कोणाच्या वाट्याला सबंध दिवस.

मी पहिल्या गटातला होतो, तरीही सुरुवातीचे दिवस फार जड गेले. उमेदवाराची स्थिती मुळातच अधांतरी असते. तो नोकर नसतो आणि पाहुणाही नसतो. त्याला विचारावयाचे अनेक प्रश्न सुचतात आणि कोणाला विचारावे ते कळत नाही. कचेरीतला शिरस्ता त्याला ठाऊक नसतो आणि तो ठाऊक नाही हेही त्याला उशिरा ठाऊक होते. त्यात परके शहर, परकी लिपी, शुक्रवार-शनिवारची सुट्टी, आणि बस थांब्यापर्यंतचे चालणेही एक संकट वाटावे असे ऊन. उष्णता माणसाचे मन आकुंचित करते, हे मी तेथे अनुभवले. मला घरची आठवण येत नसे, भविष्याची चिंता वाटत नसे. पुढची सावली कोठे आहे एवढाच एक विचार चित्तात उरे. अशा वेळी मी गीतेच्या त्या उपदेशाचा आधार घेतला, आणि त्याचा उपयोग झाला हे मला कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. हे येणारे आहे, हे जाणारे आहे, असे स्वतःशी म्हणत चालणाऱ्याचे पाऊल खरोखरच किंचित हलके पडते. पुढे काही दिवसांनी तीच वाट मी विशेष त्रास न होता चालू लागलो, तेव्हा प्रथम वाटले की ही तितिक्षेची सिद्धी. परंतु शरीरशास्त्राने त्यातला मोठा वाटा आपला म्हणून मागितला. उष्ण प्रदेशात आलेल्या माणसाचे शरीर आठवड्या-दोन आठवड्यांत बदलते: घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो, त्यातून मीठ कमी जाते, हृदयाचे ठोके आटोक्यात राहतात. म्हणजे आत्मबलाच्या खाती मी जे जमा केले होते, त्यातले पुष्कळसे घर्मग्रंथींचे होते. याने तितिक्षा खोटी ठरते असे मला वाटत नाही. पण सोसण्याची शक्ती ही इच्छेची जशी असते तशी अन्नाची, झोपेची, पाण्याची आणि सवडीचीही असते, आणि ज्याला यांतले काही मिळाले नाही त्याला धैर्य कमी पडले असा ठपका ठेवण्यापूर्वी फार विचार केला पाहिजे, एवढे त्यातून निश्चित झाले.

माझ्याकडे सोपविलेले काम असे होते की स्लॅबसाठी आणलेले काँक्रीट ओतण्यापूर्वी त्याचे तापमान मोजावयाचे आणि नोंदवहीत लिहावयाचे. आमच्या करारात ३२ अंशांची मर्यादा होती. तापलेले काँक्रीट लवकर आवळते, त्यातले पाणी उडून जाते, पृष्ठभागाला चिरा पडतात आणि इमारत आयुष्यभर दुबळी राहते. म्हणून त्याची जी निगा राखली जाई ती पाहण्यासारखी होती. खडी सावलीत साठविलेली असे आणि तिच्यावर पाणी शिंपडले जाई. कालवण्याच्या पाण्यात बर्फ मिसळला जाई. काम अंधार पडल्यावर सुरू होई. ओतून झाल्यावर वर ओले गोणपाट पसरून ते दिवसचे दिवस भिजते ठेवले जाई. गाडी उशिरा आली आणि पारा मर्यादेच्या वर गेलेला दिसला, तर सबंध गाडी परत पाठविण्याचा अधिकार माझ्यासारख्या उमेदवाराच्या नोंदीला होता. त्या नोंदवहीत तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, हवेचे तापमान, काँक्रीटचे तापमान आणि शेरा असे रकाने होते. सळई बांधणाऱ्या माणसांच्या अंगाचे तापमान लिहिण्यास रकाना नव्हता. माणसाचे शरीर ३७ अंशांवर चालते आणि ४० च्या वर गेले की उष्माघाताने मेंदूचे काम बिघडू लागते, म्हणजे त्याची मर्यादा काँक्रीटच्या मर्यादेइतकीच काटेकोर आहे; पण ती ओलांडली गेल्यास गाडी परत पाठविण्याची तरतूद कोणत्याही करारात नसते.

सरकारने काहीच केले नव्हते असे मात्र नाही, आणि हे न्यायाने सांगितले पाहिजे. जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचे काम बंद ठेवावे, असा ओमानात २००८ पासून हुकूम आहे, आणि तो आमच्या कामावर पाळला जाई. साडेबारा वाजले की माणसे अर्धवट बांधलेल्या मजल्याखालच्या सावलीत येऊन आडवी होत. त्या वर्षी रमजानचा महिना ७ जूनच्या सुमारास लागला. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दर वर्षी मागे सरकतो आणि ३३ वर्षांच्या सुमारास सर्व ऋतूंतून फिरून येतो. आपण अधिक महिना घालून व्रतांना ऋतूंशी बांधून ठेवले, त्यांनी व्रताला ऋतूंतून मोकळे फिरू दिले. या व्यवस्थेत मला एक सुंदर न्याय दिसतो. एका आयुष्यात हिवाळ्याचे सोपे रोजेही येतात आणि जूनमधले, सुमारे पंधरा तास पाण्याचा थेंब न घेण्याचे, कठीण रोजेही येतात, आणि ते बादशहालाही येतात व हमालालाही. शिवाय आजारी आणि प्रवासी यांना कुराणानेच सूट देऊन ते दिवस नंतर भरून काढण्याची मुभा दिलेली आहे. सोसण्याचे व्रत सांगणाऱ्याने सोसण्याची मर्यादाही त्याच श्वासात सांगितली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आमच्या कामावरचा मुकादम तेलंगणातल्या करीमनगरकडचा, वयाने पन्नाशी उलटलेला. त्याच्या दखनीत आणि माझ्या खानदेशी हिंदीत आमचे चांगले जमे. मी त्याला चाचा म्हणे, तो मला बाबू म्हणे. रोजा धरूनही तो सकाळी उन्हात उभा असे. एके दिवशी दुपारच्या विश्रांतीत मी त्याला आदराने विचारले, की एवढे सोसण्याचे बळ आपल्या धर्मात फारच मोठे मानले असेल, नाही का. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “रोजा मैं रखा बाबू, धूप मैं नहीं रखा.”

इस्लामी नीतिशास्त्रकारांनी धैर्याचे तीन प्रकार मानले आहेत: ईश्वराज्ञा पाळताना लागणारे, पापापासून दूर राहताना लागणारे, आणि संकट कोसळले असता लागणारे. चाचाने या तिन्हींबाहेरचा एक चौथा प्रसंग बोट ठेवून दाखविला होता. जे संकट ईश्वराने पाठविलेले नाही, माणसानेच वेळापत्रक आखताना निर्माण केले आहे, त्याला संकट म्हणून शरण जाणे हे धैर्य नव्हे. आणि दुसऱ्याने त्याला ते धैर्य म्हणून शिकविणे हे तर शास्त्राचे नाव घेऊन केलेले अपहरण आहे. आमच्या देशातही हे पुष्कळ झाले आहे. विधवेला, अस्पृश्याला, कुळाला, सुनेला सोसण्याचा उपदेश ज्यांनी केला त्यांनी तो शास्त्राधारे केला, आणि प्रतिकार न करणे हा शब्दप्रयोग मुमुक्षूच्या स्वतःच्या दुःखापुरता आहे ही मर्यादा त्यांनी सोयीस्करपणे पुसून टाकली. लक्षण साधकासाठी होते. साधक म्हणजे जो इच्छेने त्या वाटेला लागला आहे, ज्याला मागे फिरता येते, आणि तरी जो फिरत नाही. ज्याचे पारपत्र कचेरीच्या कपाटात आहे आणि ज्याच्या घरी कर्जाचे हप्ते आहेत, त्याच्या सोसण्याला हे लक्षण लागू करणे हा विवेकाचा अभाव आहे, मग ते विवेकाच्याच ग्रंथातून काढलेले का असेना.

यावर असा आक्षेप येईल की गीतेत तर एकाने दुसऱ्यालाच सोसण्यास सांगितले आहे. हा आक्षेप मी बरेच दिवस मनात वागविला, कारण तो खरा आहे. परंतु सांगणारा कोठे उभा आहे हे पाहावे. श्रीकृष्ण द्वारकेच्या महालातून निरोप पाठवीत नाहीत. ते त्याच रथावर, दोन सैन्यांच्या मध्ये, हातात शस्त्र न घेण्याची प्रतिज्ञा करून बसलेले आहेत, आणि पुढील दिवसांत भीष्माचे बाण अर्जुनाला जसे लागले तसेच सारथ्यालाही लागले, हे महाभारतकारांनी स्पष्ट नोंदविले आहे. तितिक्षेचा उपदेश करण्याचा अधिकार त्या स्थानातून येतो. जो त्याच उन्हात उभा आहे आणि ज्याच्या हाती त्याहून कमी संरक्षण आहे, त्यानेच म्हणावे की हे येणारे-जाणारे आहे. थंड केलेल्या खोलीच्या काचेआडून हे वाक्य उच्चारले गेले तर शब्द तेच राहतात, पण उपदेशाचा धर्म त्यांतून निघून जातो.

पुढे ईदच्या सुट्टीत मी निझवाला गेलो. तेथे फलज दारिस नावाचा जुना पाण्याचा पाट आहे. ओमानमधील अशा पाच पाटांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. डोंगराच्या पोटातले पाणी भुयारी व उघड्या पाटांतून, केवळ उताराच्या बळावर, खजुराच्या बागांपर्यंत आणलेले असते. पण स्थापत्याच्या विद्यार्थ्याला त्यातील उतारापेक्षा वहिवाट अधिक शिकविते. पाणी गावात शिरताच प्रथम पिण्यासाठी घ्यावयाचे, मग मशिदीसाठी व स्नानासाठी, आणि त्यानंतर ते बागांकडे जाते. बागांमध्ये त्याची वाटणी काळाने होते. दिवसा उभ्या काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळ्या मोजल्या जात. पाटाचा कारभार पाहणाऱ्याला वकील म्हणतात, पाळ्या लावणारा अरीफ, आणि दुरुस्तीच्या खर्चासाठी काही पाळ्यांचा लिलाव होतो. मला आमच्या पांझरेकाठच्या फडांची आठवण झाली, जेथे प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते, पाटकरी पाणी फिरवितो, आणि टंचाईच्या साली एखादा फड कोरडा ठेवावा लागला तर तो तोटा सर्वांच्या वाट्याला सारखा येतो. या दोन्ही ठिकाणच्या माणसांनी ऊन सोसले आहे, पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. परंतु त्यांनी सोसण्याचीही पाळी लावली, ते एकाच्याच अंगावर पडू दिले नाही. तितिक्षेला अशी सामुदायिक व्यवस्था असू शकते, याचा विचार आमच्या शास्त्रग्रंथांत मला आढळलेला नाही. तो आमच्या पाटकऱ्यांना मात्र ठाऊक होता.

दुपारच्या बंदीची मुदत ३१ ऑगस्टला संपली. ऊन संपले नव्हते. काँक्रीटसाठी रात्रीची वेळ सप्टेंबरातही कायम ठेवली जाणार होती, कारण ३२ अंशांच्या अटीला मुदत नव्हती. तेव्हा माणसांच्या कामालाही तोच न्याय लावावा, सळईचे काम पहाटे पाचला सुरू करून बाराच्या आत थांबवावे, अशी लेखी तजवीज मी मुख्य अभियंत्यांपुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, दोन-चार आकडे विचारले आणि पंधरा तारखेपर्यंत मान्य केली. पुढच्या तारखांविषयी त्यांनी काही लिहिले नाही, आणि ठेकेदाराने सोळा तारखेला जुने वेळापत्रक पुन्हा लावले. त्या पंधरवड्यात मीही पहाटे पाचला कामावर जात असे. पहाटेही गारवा नसे. दमट हवेत सदरा पाठीला चिकटे, चाचा एका टोकाला उभा राही, मी दुसऱ्या टोकाला नोंदी करी. आणि जे ऊन कोणत्याही तजविजीने टाळता येत नाही, तेवढे उरलेले ऊन सोसताना गीतेचा तो उपदेश मला पुन्हा निःशंक मनाने स्वतःशी म्हणता येऊ लागला.

एक शंका मात्र राहिली, आणि ती अजूनही सुटलेली नाही. चाचाच्या दोन मुली करीमनगरला शिकत होत्या आणि त्यांचे शिक्षण पुरे होईपर्यंत परत जावयाचे नाही असा त्याचा निश्चय होता. त्याला मोक्षाची इच्छा असल्याचे तो कधी बोलला नाही. त्याचे सोसणे स्वेच्छेचे होते म्हणावे तर गरजेने लादलेले होते, आणि लादलेले म्हणावे तर त्यात एवढे प्रेम आणि एवढा संकल्प होता की ते केवळ लादलेले नव्हते. शास्त्र अधिकारी कोण ते ठरविताना साधनचतुष्टयाची, म्हणजे मोक्षाच्या इच्छेसह चार साधनांची, अट घालते, आणि त्या अटीने चाचा बाहेर राहतो. पण मी पाहिलेल्या माणसांत शीतोष्णाविषयी त्याच्याइतका समचित्त दुसरा कोणी नव्हता. त्याला बाहेर ठेवणारी अट पुरी आहे की अपुरी, हा प्रश्न मी वेदान्त जाणणाऱ्या दोघातिघांना विचारला आहे. त्यांची उत्तरे विद्वत्तापूर्ण होती, परंतु त्यांनी चाचाला पाहिलेले नाही.